योरिस इव्हेन्स

माहितीपटकार योरिस इव्हेन्स (१८९८–१९८९) मूळचे नेदरलँड्समधील नायमेखेनचे. घरी कॅमेऱ्यांचा व्यवसाय होता, त्यामुळे पहिला लघुपट त्यांनी शाळकरी वयातच केला. ‘पूल’ (१९२८) आणि ‘पाऊस’ (१९२९) या मूकपटांनी त्यांचे नाव झाले. ‘द स्पॅनिश अर्थ’ (१९३७) या स्पेनच्या यादवी युद्धावरील माहितीपटाचे निवेदन अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे आहे.

१९४४ मध्ये डच सरकारने त्यांना ईस्ट इंडीजचे, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचे, चित्रपट आयुक्त नेमले. पुढच्याच वर्षी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले, पण डच सरकार ते मानेना. इव्हेन्स तेव्हा ऑस्ट्रेलियात होते. त्यांनी पदाचा राजीनामा दिला. सिडनीच्या बंदरात गोदी कामगार आणि खलाशी डच जहाजांवर बहिष्कार घालत होते. त्यावर त्यांनी ‘इंडोनेशिया कॉलिंग’ (१९४६) हा जेमतेम २२ मिनिटांचा माहितीपट केला. या बहिष्कारात भारतीय खलाशीही होते आणि ते पडद्यावर दिसतात. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. मायदेशी मात्र इव्हेन्स नकोसे झाले. पासपोर्टवरून त्यांची अडवणूक झाली. हा दुरावा मिटायला १९८५ उजाडले.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळातील चीनवर त्यांनी १२ भागांची मालिका केली (१९७६). माणसांची बोलणी त्यात जिवंत आहेत, पण त्या काळातले अत्याचार जवळजवळ दिसत नाहीत. शेवटचा ‘वाऱ्याची कथा’ (१९८८) मार्सेलिन लोरिदाँ यांच्यासह चीनमध्येच केला. त्यात दम्याने थकलेले, नव्वदीला टेकलेले इव्हेन्स वाळवंटात खुर्ची टाकून वाऱ्याची वाट पाहत बसतात.