एक टोपलं वर, एक टोपलं खाली

'घर पाहावं बांधून' ही म्हण ज्यानं केली, त्यानं घर बांधून झाल्यावर त्यात फार पावसाळे काढले नसावेत. बांधणं हे वर्षा-दोन वर्षांचं दुखणं. त्यानंतर सुरू होते ती डागडुजी, आणि ती जन्माची सोबतीण. आज तिच्याविषयीच बोलायचं आहे. निमित्त आमच्याच घराचं.

आमचं घर वडगाव निंबाळकरला. नीरेहून बारामतीकडे येताना लागणारं हे गाव. तिथलं जुनं धाब्याचं घर उतरवून अब्बांनी 1990 च्या उन्हाळ्यात स्लॅबचं घर बांधलं. स्लॅब टाकला त्या संध्याकाळी मजुरांना जेवू घालताना ते म्हणाले होते, "आता माझ्या नातवंडांनाही छपरावर चढायला लागायचं नाही." वीस वर्षं त्यांचं वाक्य खरं ठरलं. मग माजघराच्या कोपऱ्यात बशीएवढा ओलसर डाग उमटला आणि नातवंडांच्या आधी अब्बांचा मुलगाच छपरावर चढला. म्हणजे मी.

पहिल्या उन्हाळ्यात मी सिमेंट पातळ कालवून भेगेत ओतलं. दुसऱ्या वर्षी डांबर तापवून फासलं; त्यात एक बादली आणि एक विजार कायमची गेली. तिसऱ्या वर्षी दुकानातून एक महागडा डबा आणला. डब्यावरच्या सूचना मी कवितेपेक्षाही लक्ष देऊन वाचल्या आणि ब्रशनं दोन हात मारले. त्या पावसाळ्यात माजघर कोरडं राहिलं, पण स्वयंपाकघर गळू लागलं. चौथ्या वर्षी ठेव मोडून गवंडी लावला आणि जुन्या कोब्यावर नवा कोबा घातला. गळती थांबली नाही. तिनं पुन्हा एकदा फक्त खोली बदलली.

रात्री बादलीत पडणारे थेंब मोजत जागं राहिलं की माणसाला जुनं घर आठवतं. मलाही आठवलं.

'नियम धाब्यावर बसवले' असं आपण रोज वाचतो, बोलतो. पण प्रत्यक्ष धाबं पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत. म्हणून आधी ते कसं असे ते सांगतो. सह्याद्रीच्या अंगाला पाऊस मुसळधार, म्हणून तिथं उतरती छपरं. आमचा बारामती-इंदापूरचा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाला वीस इंचांच्या आसपास पाऊस. इथं मातीचं सपाट छप्पर चालून जाई. उन्हाळ्यात घर गार राही आणि धाब्यावर धान्य, पापड, कुरडया वाळत. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर किलच्यांचा दाट थर, मग पाला, मग चिखल आणि सगळ्यांत वर चोपून बसवलेली पांढरी माती. उजेड यायला आणि धूर जायला मधे एक सवणं. पाणी जायला कडेला पन्हळ.

ही पांढरी म्हणजे नुसता मातीचा रंग नव्हे. जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्पिढ्या माणसं राहून, घरं पडून, चुलीची राख मिसळून वस्तीची माती बारीक आणि पांढरट होते. अशी माती हवी म्हणून गावोगावच्या पडक्या गढ्या लोकांनी टोपल्याटोपल्यांनी वाहून नेल्या. सरदार घराण्यांची नावं गावांच्या नावांत राहिली. गढ्यांच्या भिंती मात्र रयतेच्या छपरांवर जाऊन बसल्या.

दर वर्षी मृगाच्या आधी धाब्याला माती लागे. ते एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. घराला घर लागून असे, एकाच्या धाब्यावरचं पाणी दुसऱ्याच्या भिंतीत मुरे. म्हणून शेजारी सावडीनं एकमेकांच्या छपरावर चढत. शिवाय ईद असो की दिवाळी, भिंतींना पोतेरा आणि जमिनीला सारवण ही बायकांची मेहनत वेगळीच. तिला तेव्हा कुणी 'मेंटेनन्स' म्हटलं नाही, तिचा हिशेब कुठल्या वहीत लागला नाही. त्यामुळे जुनं घर बिनखर्चाचं होतं असं आपल्याला वाटतं. तसं ते नव्हतं. त्याचा खर्च घरातल्या कंबरांनी आणि गुडघ्यांनी सोसलेला होता.

आमच्या दादीचा एक नियम होता. मातीचं टोपलं घेऊन कुणी शिडीला पाय लावला की ती विचारी, "आधी खाली किती आणलंस?" वर एक टोपलं न्यायचं असेल, तर वरची जुनी, भुसभुशीत झालेली माती खरवडून एक टोपलं आधी खाली आणायचं. मला तेव्हा हा निव्वळ छळ वाटे. गळतं तिथं माती टाकावी आणि मोकळं व्हावं, असं माझं मत होतं. बहुतेक गावाचंही तेच मत होतं.

घरांच्या या गोष्टीत पुढं पाणी आलं, पण ते आभाळातलं नव्हे. 1876-78 च्या भीषण दुष्काळानंतरच्या वर्षांत इंग्रज सरकारनं नीरेच्या खोऱ्यात पाटबंधाऱ्याची मोठी कामं केली. वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण बांधलं आणि 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. बाजरी-ज्वारीच्या मुलखात ऊस आला, गुऱ्हाळं आली. स्वातंत्र्यानंतर माळेगाव आणि सोमेश्वरचे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. याचे घरांवर दोन परिणाम झाले. एक म्हणजे लोकांच्या हातात पैसा आला. दुसरा असा, की कालव्याचं आणि पिकाला दिलेलं पाणी मुरून जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर चढली. जिथं निचरा नव्हता तिथं रानं खारवट झाली, आणि घरांच्या भिंतींनाही पायाकडून ओल चढून लोणा लागू लागला. ज्या पाण्यानं घर बांधायला पैसा दिला, तेच पाणी घराच्या पायात शिरलं.

माणसं उसाच्या कामात गुंतली तशी धाब्यावर माती वाहायला सवड राहिना. बाजारात तोवर तयार छपरं आली होती. नागमोडी पत्रा हेन्री पामर या इंजिनिअरनं 1829 मध्ये लंडनच्या गोदीसाठी काढलेला. मंगळुरी कौलं बासेल मिशनच्या कारखान्यात 1865 पासून होऊ लागली. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघावं लागे आणि कौलांना दर वर्षी शाकारणी चुकत नसे; तरी माती वाहण्यापेक्षा ते परवडलं. आमच्या घरात शहाबादी फरशी बसली त्या दिवशी अम्मीनं शेणाची पाटी परसात पालथी घातली, ती पुन्हा कधी सुलटी केली नाही. जुन्या घरांचं कौतुक करताना मला ती पालथी पाटी आठवते आणि जीभ आवरते.

खरं स्वप्न मात्र स्लॅबचं होतं. जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्यानं 1824 मध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. 1867 मध्ये जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्यानं झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून सिमेंटात लोखंडी जाळी घालण्याचं पेटंट मिळवलं. त्या कुंडीचाच विस्तार म्हणजे आपला स्लॅब. पण आपल्याकडे सिमेंट सहज मिळत नव्हतं. त्यावर सरकारी नियंत्रण होतं, परमिटसाठी खेटे घालावे लागत. या टंचाईला इतकं वजन होतं, की सिमेंटवाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल गेल्यावर जानेवारी 1982 मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत नियंत्रण अंशतः उठलं आणि मार्च 1989 मध्ये पुरतं उठलं. अब्बांचा स्लॅब 1990 चा का, याचं उत्तर या तारखांत आहे. एका पिढीची अडलेली हौस एकदम मोकळी झाली होती.

सिमेंटच्या पोत्याबरोबर एक समज फुकट घरात आला. तो असा, की हे घर एकदाच बांधायचं, पुन्हा बघायचं नाही. पण स्लॅबच्या पोटात लोखंड असतं. गजावरचा सिमेंटचा थर पातळ राहिला, पाणी साचून आत मुरलं, किंवा मालच खारट पाण्यात कालवलेला असला, की गज गंजतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. धाबं दर वर्षी थोडं थोडं मागत असे. स्लॅब वीस वर्षं काही मागत नाही, मग सगळं एकदम मागतो.

इथं मला किल्लारीची आठवण काढली पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. चार वाजायच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. ती घरं आमच्या जुन्या घराच्याच जातीची होती. दगडमातीच्या जाड दुपदरी भिंती आणि वर मातीचं माळवद. छप्पर गळलं की वर माती, पुढच्या वर्षी आणखी माती. असं करत काही घरांवर दोन फुटांहून अधिक थर चढलेला होता. एक घनफूट माती पन्नास किलोच्या आसपास भरते. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट. नऊ-दहा टन ओझं झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर. जमीन हलली तशा भिंती फाकल्या आणि ते सगळं खाली आलं.

ही माती शत्रूनं टाकलेली नव्हती. आपलं लेकरू भिजू नये म्हणून आजोबांनी, बापांनी मायेनं वाहून नेलेली होती. हे वाचल्यावर कितीतरी दिवस दादीचा प्रश्न माझ्या कानात वाजत होता.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्यानं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात नव्या वसाहती उठल्या, त्यांची चर्चा फार झाली. पण सुमारे दोन लाख घरं दुरुस्ती आणि मजबुतीसाठीही घेतली होती, आणि ते काम सरकारी मदतीनं घरमालकांनी स्वतः करून घ्यायचं होतं. अभियंत्यांचा सल्ला साधा होता. छपरावरची जादा माती काढा, खांब-तुळईच्या सांध्यांना तिरके आधार द्या, भिंतीचे दोन्ही पदर आरपार दगडांनी बांधा. पण दगडमातीच्या भिंतीवरचा लोकांचा विश्वासच उडाला होता. अनेकांनी त्या पैशातून जुन्या घराशेजारी नवी पक्की खोली बांधली. त्यांना दोष कसा द्यावा? भीती एका रात्रीत बसते. विश्वास बसायला वेळ लागतो.

आता पुन्हा आमच्या गळतीकडे. पाचव्या वर्षी एका वयस्कर गवंड्याला मी वर नेलं. त्यानं पिशवीतला हातोडा काढला, जागोजाग ठोकून आवाज ऐकला, काठ बोटांनी मोजला आणि विचारलं, "भाई, वर किती घातलंय?" मी मोठ्या अभिमानानं सिमेंट, डांबर, डबा आणि कोबा अशी यादी सांगितली. तो म्हणाला, "आणि काढलं काय?"

काढलं काहीच नव्हतं. माझ्या चार वर्षांच्या मेहनतीनं छपराचा उतारच बुजला होता, पन्हळीचं तोंड थरांखाली अर्धं झाकलं गेलं होतं आणि पाणी मधोमध तळं करून बसत होतं. चार इंच जादा भर म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर जवळपास दोन टन ओझं होतं, आणि तेही खाली गज गंजत असताना. मी छप्पर दुरुस्त करत नव्हतो, त्यावर माझी काळजी रचून ठेवत होतो.

त्या उन्हाळ्यात आधी फक्त काढण्याचं काम चाललं. नवा कोबा, जुना कोबा, डांबराचे पोपडे पाटीनं खाली आले. खालून फुगलेलं काँक्रीट ठोकून पाडलं, गज घासून गंज काढला, मगच नवा माल भरला. उतार नव्यानं धरला, पन्हळ मोकळी केली. पैसे लागलेच, पण मी आधीच्या चार वर्षांत घातलेल्यापेक्षा कमी. पुढच्या पावसाळ्यात बादली कोरडी राहिली. तिच्यापुढच्या पावसाळ्याची हमी मी देत नाही; घरानं अशी हमी कुणालाच दिलेली नाही.

आता दर वर्षी मृगाच्या आधी माझा धाकटा मुलगा छपरावर चढतो. अब्बांनी दिलेला शब्द असा मोडला. गेल्या वर्षी तो वरून ओरडला, "पन्हळीपाशी थोडं सिमेंट लावू का?"

मी खालून विचारलं, "आधी खाली काय आणलंस?"

शिडीवरून उतरला तेव्हा त्याच्या टोपल्यात कडुलिंबाचा कुजलेला पाला, पारव्याची काटकी आणि शेजारच्या पोराचा हरवलेला रबरी चेंडू होता. सिमेंट लावावं लागलं नाही.