मोर्णेकाठची न्याहारी

आमच्या घराण्याला गाव नाही. वऱ्हाडात आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कोन्या गावचे?" माझ्या आजीच्या वडिलांकडे त्याला उत्तर नव्हतं. १९०० साली ते अकोल्याच्या मिशनच्या अनाथालयात आले तेव्हा सात-आठ वर्षांचे असावेत. आई खडी फोडायच्या कामावर होती आणि तिथेच पटकीनं गेली, एवढं त्यांना आठवे. घराजवळ चिंच होती, हेही आठवे. गावाचं नाव मात्र आईबरोबर गेलं.

ज्या मुलखाला लोक सोन्याची कुऱ्हाड म्हणत, त्या मुलखात हे घडलं. १८९६-९७ चा दुष्काळ अंगावरून उतरतो न उतरतो तोच १८९९ चा पावसाळा कोरडा गेला. कापूस गेला, ज्वारी गेली, विहिरी आटल्या. मजूर सरकारी कामांवर खडी फोडायला गेले आणि छावण्यांत पटकी शिरली. मागे उरली पोरकी पोरं. मार्कस आणि जेनी फुलर हे अमेरिकन जोडपं १८८० च्या दशकातच अकोल्यात आलेलं होतं. पुढे ते ज्या अलायन्स मिशनशी जोडले गेले, त्या मिशननं मुलांचं अनाथालय अकोल्यात आणि मुलींचं खामगावात चालवलं. जेनीबाईंनी भारतीय स्त्रियांच्या दुःखांवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक त्याच १९०० साली निघालं. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे.

अनाथालयात दोन वेळा जेवण मिळे, तरी या पोराची भीती जाईना. तो अर्धी भाकर खाई आणि अर्धी घोंगडीखाली दडवी. "उद्या भाकर भेटन का नाही, हेच भेव," आजी सांगे. "म्हातारा झाला तरी बापाच्या कनवटीले भाकरीचा तुकडा राहे."

अशा पोराला पुनरुत्थान काय कळणार? पोट रिकामं राहिलेल्या मुलाला स्वर्ग, आत्मा, अनंतकाळ हे सगळं लांबचं. त्याला कळली ती योहानाच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या अध्यायातली गोष्ट. येशूला क्रुसावर मारल्यानंतर शिष्य तिबेरियाच्या समुद्रावर गेले. रात्रभर जाळं टाकलं, मासा मिळाला नाही. पहाटे काठावर कुणीतरी उभा दिसला. जवळ येऊन पाहतात तो कोळशांचा विस्तव पेटलेला, वर मासे, बाजूला भाकर. मरण जिंकून आलेला प्रभू त्यांना न्याहारीला बोलवत होता. त्याच शुभवर्तमानात याआधी कोळशाची शेकोटी एकदाच आली आहे. महायाजकाच्या अंगणात तिच्याजवळ उभा असताना पेत्र घाबरला आणि आपण येशूला ओळखत नाही म्हणाला. त्या भित्र्या पेत्राला प्रभूनं जाब विचारला नाही. आधी जेवू घातलं, मग तीनदा प्रेमाबद्दल विचारलं आणि मेंढरं सोपवली.

आजीचे वडील पुढे गावोगाव कीर्तन करत. ईस्टरच्या पहाटेला अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी माणसं जमली की हीच कथा लावत आणि मग सगळ्यांना न्याहारीला बसवत. आजी त्यांच्याच ढंगात सांगे, "मरनातून उठून आला, अन् पयले काय केलं? चूल पेटवली! सिंहासन नाही मांडलं."

"भाकरीवर बाटले" हा टोमणा आमच्या लोकांनी शंभर वर्षं ऐकला. काही घरांत त्याची इतकी लाज बसली की म्हातारी माणसं दुष्काळाचं नावच काढत नसत. मला ती लाज कधी पटली नाही. भाकरीवर आलो, हे खरंच आहे. ज्या देवाची कथा ऐकून ते राहिले, त्यानंही भाकर आधी दिली आणि प्रश्न मागून विचारले. पुनरुत्थान शरीराचं आहे, असं ख्रिस्ती मतांगीकार सांगतो. दुष्काळात ज्यांची प्रेतं ना जाळली गेली ना पुरली गेली, त्यांच्या लेकरांना या वाक्याचा अर्थ पंडितांपेक्षा नीट कळला असणार. रस्त्यावर पडलेला आईचा देह देवाच्या हिशेबातून सुटलेला नाही, असा तो अर्थ.

आजीची आई खामगावच्या अनाथालयातली. १९१८ ला मानमोडीची साथ आली तेव्हा आजी पाच-सहा वर्षांची होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाड या साथीनं देशात सर्वाधिक होरपळलेल्या मुलखांपैकी होता. घरंच्या घरं आजारी पडली, मयत उचलायला माणूस मिळेना. ही बाई बायकांच्या मयतांना आंघोळ घालायला जाई. तिला भीती वाटत नव्हती का, असं मी आजीला विचारलं होतं.

"वाटे ना! लटलट कापे. घरी येऊन रडे. मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा जाये."

हे ऐकल्यावर मला मार्काचं शुभवर्तमान निराळं वाटू लागलं. त्यातही मृतदेहाची सेवा करायला पहाटे निघालेल्या तीन बायका आहेत. धोंडा कोण लोटेल, याची त्यांना काळजी आहे. कबर रिकामी दिसते, येशू उठल्याचं कळतं, तर त्या भिऊन पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत मार्काचा ग्रंथ तिथेच, त्या भीतीवरच संपतो. म्हणजे पुनरुत्थानाच्या पहिल्या साक्षीदारसुद्धा भ्यालेल्या होत्या. विश्वास ठेवला की भीती जाते, असं उपदेशात ऐकू येतं, ते मला खरं वाटत नाही. आमच्या बायकांची भीती गेली नव्हती, पण तिनं त्यांची वाट अडवली नाही.

याच वऱ्हाडात गाडगेबाबा झाले. १९२३ साली खारेपाटणला कीर्तनात उभे असताना मुलगा गेल्याची बातमी आली, आणि त्यांनी कीर्तन थांबू दिलं नाही. त्या वैराग्यापुढे हात आपोआप जोडले जातात. आजीच्या आईचा मार्ग वेगळा होता. लाजराच्या कबरेपाशी रडलेला प्रभू तिचा होता, म्हणून तीही रडे आणि कामाला लागे. अचलपूरजवळच्या कोठारा इथल्या कुष्ठरुग्णांच्या दवाखान्यात ज्यांनी जखमा धुतल्या, त्यांचीही जात हीच.

२०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत कोरोनामुळे पुन्हा टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये ईस्टर आला तेव्हाही लोक धास्तावलेलेच होते. पहिल्या ईस्टरच्या संध्याकाळीही शिष्य भीतीनं दारं लावून बसले होते आणि येशू तिथेच आला, हे त्या वर्षी नव्यानं कळलं. आमच्यातली तरुण पोरं त्या दिवसांत घराघरांत डबे पोचवत होती. त्यांना मोर्णेकाठची कथा कुणी सांगितली होती की नाही, मला माहीत नाही.

म्हणून सांगणं आहे. मिशनचे अहवाल परदेशातल्या वाचकांसाठी लिहिले गेले. कनवटीचा तुकडा आणि लटलट कापणारे हात म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच सापडतात, आणि ते ऐकलेली पिढी आता थकत चालली आहे. अकोला, अमरावती, खामगावच्या ख्रिस्ती घरांनी येत्या ईस्टरला न्याहारीच्या वेळी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावं, आपलं माणूस कोणत्या दुष्काळातून, कोणत्या साथीतून आलं. ते सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत, लिहून ठेवावं. भाकरीचा उल्लेख गाळू नये.