गुण भागिले सेकंद

१९७६ साली अमेरिकेतल्या कोलंबिया शहरात 'आयपीएससी' ही संघटना स्थापन झाली. पळत पळत पिस्तूल चालवायचं. गुण भागिले सेकंद. आम्हा कोडवाल्यांना हा हिशेब लगेच पटतो. पण पुढे सामानाचीच शर्यत लागली, म्हणून गट पडले: ओपनमध्ये दुर्बिणीसकट हवं ते जोडा, प्रॉडक्शनमध्ये जवळपास कारखान्यातून आलं तसंच.

गोंदियात बसून फक्त व्हिडिओ बघायचे. तिथे किमान ९ मिमी काडतूस लागतं, आणि आपल्या शस्त्र कायद्यात सामान्य माणसाला तेच निषिद्ध.

आपल्याकडची वेगाची चुरस .२२ची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात दोन शूट-ऑफनंतर सुवर्ण घेतलं. तिथे पळणं नाही. लक्ष्य ३ सेकंद खुलं. तेवढ्यात खालचा हात वर, आणि एकच गोळी.