हौदावरचं पाणी

कात्रजच्या डोंगरातून पुण्यात आलेल्या पाण्याची हकीकत बहुतेकदा बांधकामाची हकीकत म्हणून सांगतात, आणि बांधकाम आहेही तेवढ्या तोलाचं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजला बंधारे घातले गेले. तिथे गाळ बसे आणि निवळलेलं पाणी दगड-चुन्याच्या भुयारी नळातून, केवळ उताराच्या बळावर, थेट शनिवारवाड्यापर्यंत येई. वाटेत उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून हवा सुटे, नळ साफ करायला आत उतरता येई. पण हा सारा खटाटोप वाड्यातल्या कारंज्यांपुरताच असता, तर १८१८ मध्ये पेशवाईबरोबर तोही बुडाला असता. तो तगला, कारण पाणी पेठांमधल्या हौदांत उतरलं होतं. काळा हौद, बदामी हौद ही नावं लोक पत्ता सांगताना घेऊ लागले. हौदावर रोज हंडा बुडवणाऱ्याला पाणी गढूळलेलं, पातळी उतरलेली मोजमापाशिवाय कळते, आणि तक्रारही तोच आधी करतो. शहराचं पाणी टिकवण्यात चुन्याइतकाच या वहिवाटीचा वाटा असतो, असं माझं म्हणणं आहे.

या वहिवाटीचं कौतुक करताना एक आक्षेप टाळता येत नाही, टाळूही नये. हौद सगळ्यांचे नव्हतेच. ज्यांना अस्पृश्य ठरवलं, त्यांना पाण्याला हात लावायची बंदी होती. संस्कृतीच्या नावाने जपलं गेलं ते हेसुद्धा. मात्र याच आक्षेपातून संस्कृतीचं खरं बळ कळतं. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यासाठी नवं धरण लागलं नाही की नवा नळ; बदलली ती रीत. उलट, नुसत्या ठरावाने काय होतं ते महाडला दिसलं. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं कागदोपत्री खुलं केलं. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तिथे जाऊन पाणी प्यायले, तेव्हा कुठे त्या कागदाला अर्थ आला. आणि त्याची किंमत त्या माणसांनी मार खाऊन मोजली.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: लाखाच्या आसपास वस्तीची ही सोय आजच्या महानगराला कशी पुरणार? नाहीच पुरणार. घरात आलेल्या नळाने बायकांच्या कमरेवरचा हंडा उतरवला, हौदावरचा अपमानही टळला. तो काळ परत नको. पण एकाच वाटेने येणाऱ्या पाण्यावर विसंबणं किती धोक्याचं, हे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण आणि पाठोपाठ खडकवासला फुटलं तेव्हा पुण्याने भोगलं आहे. कात्रजचं पाणी पिण्यासाठी नसेना, बागांना आणि बांधकामांना तरी ते वापरता येईल; तिथे धरणातलं शुद्ध केलेलं पाणी कशाला? त्यासाठी आधी कात्रजच्या तळ्यात येणारं सांडपाणी अडवावं लागेल, आणि रस्ता खोदणाऱ्याच्या हाती कुदळीआधी या जुन्या नळाचा नकाशा द्यावा लागेल.