वजडी

गेल्या रविवारी आमच्या घरात पहिल्यांदा वजडी शिजली. नवघर रोडवरच्या या वन बीएचकेत आम्ही वीस वर्षं राहतोय. पंधरा दिवसांनी मटण येतं, पण कायम सीना, चाप नाहीतर मांडी. बोकडाचं पोट आणि आतडी पप्पांनी कधी आणलीच नाहीत. का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

सुचलं ते शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मुळे. 2015 साली आलेलं हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याबद्दल आहे. मी त्यातलं वाचून दाखवत होते आणि पलंगावरची आजी माझ्या आधीच पुढचं सांगत होती. चान्या, रक्ती, वजडी. पप्पा उठून गॅलरीत गेले.

आजी सांगत होती तो स्वयंपाक आवडीनिवडीतून घडलेला नाही. गावात मेलेलं जनावर ओढून नेणं ही महारांवर लादलेली वतनी कामगिरी. मोबदल्यात भाकर, सुगीला थोडं धान्य आणि त्या जनावराचं मांस. एवढं मांस एका दिवसात संपत नाही, म्हणून त्याच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या. त्या चान्या. पावसाळ्यात कामाला यायच्या. लंडनचे शेफ फर्गस हेंडरसन यांनी 1999 साली 'नोज टू टेल' नावाने पुस्तक काढलं, आता त्या कल्पनेची रील्स फिरतात. आमच्याकडे ती फॅशन नव्हती, भूक होती.

मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. चवदार तळ्याचं पाणी आपल्याला पाठ असतं, हे कमी आठवतं. खरं तर तेही तितकंच अवघड होतं. हातातोंडाशी आलेला घास सोडायचा आणि पर्यायी घास कुणी देणार नाही. 1956 च्या धर्मांतरानंतर खूप घरांनी ते सोडलं. 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनंही गेली.

पण वास सहज जात नाही. पप्पा शाळेत होते तोवर घरात मेलेलं काही येत नव्हतं. यायची ती खाटकाकडची वजडी, कारण ती स्वस्त. तरी बाकावरची पोरं नाक दाबायची. हे मला आजीने सांगितलं, पप्पांनी नाही.

आजीला खरं तर चान्याच हव्या होत्या. गोहत्याबंदी महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यापासून आहे, 2015 मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. मग बोकडाच्या वजडीवर तडजोड झाली.

दुकानदाराने साफ करून देऊ का विचारलं, मी मोठ्या तोऱ्यात नको म्हटलं. घरी पिशवी उघडली आणि पस्तावले. पोटाची आतली बाजू जाड टॉवेलसारखी असते आणि त्यावर काळपट थर. धाकटी बहीण मोबाइल घेऊन दाराशी उभी, आत यायला तयार नाही. आईने उठून किचनची खिडकी लावली. पर्युषणात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवायच्या निर्णयावरून 2015 साली राज्यभर गाजलेलं हे शहर. आमच्या मजल्यावर कुणी कधी काही बोललेलं नाही, तरी खिडकी लागतेच.

मी थंड पाण्यात घासत बसले होते. काळं निघेना. मागून पप्पांचा आवाज आला.

"गरम पाण्यात टाक. उकळतं नको, घट्ट बसेल. आणि चुना लाव."

चुना नव्हता. ते खाली गेले, पानवाल्याकडून पुडी आणली आणि बाह्या सरसावून स्वतःच बसले. सुरीच्या पाठीने खरवडायला लागले, तसा थर सालीसारखा सुटत गेला. पांढरी शुभ्र वजडी त्यांनी चार पाण्यांतून काढली. कुणी शिकवलं, हे मी विचारलं नाही.

हळद-मीठ लावून कुकरच्या सहा शिट्ट्या. मग कांदा, लसूण, खोबरं आणि आजीच्या डब्यातला येसूर, म्हणजे भाजलेलं धान्य मसाल्यांबरोबर दळलेली पूड. रस्सा दाटला. वजडी चावायला थोडी रबरी, पण रस्सा तिच्यात पूर्ण मुरतो, तसा सीन्यात कधी मुरत नाही. बहिणीने दोन तुकडे खाल्ले, तिसरा माझ्या ताटात सरकवला.

पप्पांनी डाळ-भात घेतला. हात दोनदा साबणाने धुतले होते, तरी जेवताना एकदा बोटं हुंगली.

आजीला दात नाहीत. तिने रश्श्यात भाकरी कुस्करली, एक मऊ तुकडा बराच वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाली, "येसूर कमी पडला गं."