एम्प्रेस मिलमधले प्रयोग

संगणक कंपन्यांत आणि व्यवस्थापनाचा सल्ला देणाऱ्यांच्या व्याख्यानांत ‘अ‍ॅजाइल’ हा शब्द वारंवार कानी पडतो. अ‍ॅजाइल म्हणजे चपळ. २००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी या कार्यपद्धतीचा जाहीरनामा लिहिला. त्याचे सूत्र थोडक्यात असे : मोठी योजना आखून शेवटी एकदम वस्तू हाती देण्यापेक्षा तिचा छोटा, पण चालणारा भाग आधी तयार करावा, तो वापरून पाहावा, चुका कळल्या की पुढची पायरी बदलावी. नाव नवे असले तरी ही रीत नवी नाही. तिचे एक जुने उदाहरण आपल्याला नागपुरातच सापडते.

१ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव ‘एम्प्रेस’. त्या काळी बहुतेक गिरण्या मुंबईत होत्या. पण विदर्भात कापूस पिकत होता, रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोचली होती आणि वरोऱ्याचा कोळसाही फार दूर नव्हता. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेतून आलेले, त्यांना कापडधंद्याची माहिती नव्हती. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी सांभाळत.

सुरुवात चांगली झाली नाही. खर्च वाचवण्यासाठी स्वस्त यंत्रे घेतली होती. त्यांचे सूत मनासारखे निघेना. टाटांनी चूक ओळखली आणि यंत्रे बदलली. पण पुढच्या वेळी त्यांनी जे केले ते आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

लँकेशायरमध्ये तेव्हा ‘म्यूल’ या यंत्रावर सूत काढत. त्याचे काम चरख्यासारखे चाले. चरख्यावर हात मागे नेताना सूत निघते, त्याला पीळ बसतो. मग ते चातीवर गुंडाळावे लागते. म्यूलमध्येही ही दोन कामे आळीपाळीने होत. अमेरिकेत निघालेल्या ‘रिंग’ यंत्रात प्रत्येक चातीभोवती एक कडे असते. त्यावर तारेचा बारीक आकडा फिरतो. सूत या आकड्यातून जाते, त्यामुळे पीळ आणि गुंडाळणी एकाच वेळी, न थांबता होते. इंग्लंडमधील जाणकार या यंत्राबद्दल साशंक होते. टाटांनी त्यांचा सल्ला डोळे मिटून मानला नाही, आणि सगळी गिरणीही एकदम बदलली नाही. १८८३ च्या सुमारास मोजकी रिंगयंत्रे आणून ब्रुक्सबींनी ती चालवून पाहिली, त्यांत सुधारणा केल्या, वेग वाढवला. उत्पादन वाढते अशी खात्री झाल्यावरच गिरणीत रिंगचा प्रसार झाला. लँकेशायर मात्र पुढे कितीतरी वर्षे म्यूललाच धरून राहिले.

येथे एक प्रश्न विचारायला हवा. यंत्राचे म्हणणे ऐकले. माणसांचे ऐकले का? गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ मध्ये, मजुरीच्या दरावरून विणकरांनी संप केला. भारतातल्या सुरुवातीच्या नोंदलेल्या संपांत त्याची गणना होते. शिवाय रोज सरासरी पाचवा हिस्सा कामगार गैरहजर असत. माणसे आळशी आहेत असे म्हणून दंड ठोकणे सोपे होते. येथे बक्षिसे देऊन पाहिली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला, १८९५ पासून अपघाताची भरपाई देऊ लागले. त्या काळाच्या मानाने हे फार पुढचे होते. तरीही काय करून पाहायचे ते मालक ठरवत होते, कामगार नव्हे. आजच्या ‘चपळ’ संस्थांनाही हाच प्रश्न लागू पडतो : प्रयोग कोणाचा, आणि त्याचा निकाल कोण ठरवणार? ज्याच्या हातून काम होते त्याला बोलता येत नसेल, तर ‘चपळ’ याचा अर्थ केवळ ‘अधिक घाई’ असा होतो.

एकदा प्रयोगशील असलेली संस्था कायम तशीच राहते, असेही नाही. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. यंत्रांचा खडखडाट थांबला आणि पिढ्यान्पिढ्या तिच्यावर जगलेली घरे उघडी पडली.

शाळेत आपण वर्षाचे नियोजन जूनमध्ये लिहितो आणि चूक कळते ती बहुधा मार्चमध्ये, उत्तरपत्रिका तपासताना. तेव्हा त्या मुलांसाठी काही करायला वेळ उरलेला नसतो. एखादा पाठ निवडून आठवड्याच्या शेवटी मुलांना एवढेच विचारून पाहू या : काय कळले नाही? आणि आलेल्या उत्तरांनुसार पुढच्या आठवड्याचे नियोजन खरोखर बदलू या.