पोथी आणि तबकडी

विदर्भांतील रिद्धपूर येथें शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनीं 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. चक्रधरस्वामींस ज्यांनीं पाहिलें-ऐकिलें होतें, त्यांच्याकडे जाऊन एकेक आठवण त्यांनीं टिपून घेतली. परंतु महानुभाव परंपरा सांगते कीं, चौदाव्या शतकाच्या प्रारंभीं खिलजीच्या फौजांच्या धामधुमींत ती मूळ पोथी नष्ट झाली. पुढें निरनिराळ्या शिष्यांनीं स्मरणाच्या आधारें ती पुन्हा लिहिली. म्हणूनच आज तिचे अनेक पाठ आढळतात.

एक प्रत गेली तर ग्रंथ कसा वांचवावा, हा प्रश्न सुमारें सात शतकांनंतर अमेरिकेंतील बर्कले येथें निराळ्या रूपानें उभा राहिला. मोठ्या कचेऱ्यांची माहिती त्या काळीं प्रचंड व महाग चुंबकीय तबकड्यांवर ठेवीत. त्यांऐवजीं लहान, स्वस्त तबकड्यांची रांग लावावी, असें डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनीं १९८८ सालच्या निबंधांत सुचविलें. मात्र त्यांनींच हिशेब मांडला कीं, एक तबकडी सरासरी ३०,००० तास टिकत असली, तर शंभरांपैकीं एखादी ३०० तासांतच, म्हणजे पंधरवडा भरण्यापूर्वीं, बिघडणार. ह्या संकटावर त्यांनीं योजिलेल्या उपायास 'रेड' म्हणतात.

त्यांनीं त्याच्या पांच पायऱ्या सांगितल्या; शून्य व सहा हे क्रमांक मागाहून रूढ झाले. शून्य पायरींत माहितीचे तुकडे तबकड्यांवर वांटतात. काम झपाट्यानें होतें, पण एक तबकडी गेली कीं सारें गेलें. पहिलींत प्रत्येक तबकडीची जुळी प्रत असते; निम्मी जागा तिच्यांतच खर्चीं पडते. पांचवीची युक्ति अधिक काटकसरीची आहे. समजा, तिघांजवळ ७, ४ व ९ हे आंकडे आहेत आणि चौथ्यानें त्यांची बेरीज २० लिहून ठेविली आहे. दुसरा नाहींसा झाला, तरी २० मधून ७ व ९ वजा करून ४ परत मिळतो. यंत्र बेरजेऐवजीं एक-शून्यांची समविषमता जपतें आणि हा ताळा सर्व तबकड्यांवर आळीपाळीनें वांटतें. सहावींत असे दोन ताळे असल्यानें दोन तबकड्या गेल्या तरी माहिती वांचते.

ताळ्यावरून परत आलेला आंकडा हुबेहूब असतो. स्मरणावरून लिहिलेल्या पोथींत पाठभेद शिरतो. येथें यंत्राचें श्रेष्ठत्व मान्य केलें पाहिजे. तथापि पोथी निरनिराळ्या माणसांच्या स्मरणांत विखुरली होती. रांगेंतील तबकड्या बहुधा एकाच पेटींत असतात. घरास आग लागली तर पेटी सगळीच जळते. आणि चुकून पुसलेलें पान जुळ्या तबकडीवरूनही त्याच क्षणीं पुसलें जातें. तेव्हां रेड ही बिघाडावरची तरतूद होय. दुसऱ्या गांवीं ठेविलेल्या प्रतीची जागा ती घेऊं शकत नाहीं.

आमच्या मनीषनगरांत किंवा अन्यत्र, घरचीं छायाचित्रें व वडिलांचीं पत्रें संगणकावर चढवून निश्चिंत होणाऱ्या गृहस्थांस आम्ही एवढेंच सुचवितों: एक प्रत परगांवीं, लेकीच्या घरीं असूं द्यावी. म्हाइंभटांचा ग्रंथ आपल्यापर्यंत पोंचला, तो एका पेटींत सुरक्षित होता म्हणून नव्हे, तर अनेकांजवळ होता म्हणून.